हृदयशस्त्रक्रिया आणि रक्तस्रावाचा प्रश्न : हेपॅरिनपासून ॲप्रोटिनिनपर्यंतचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मानवी रक्ताला परस्परविरोधी भासणारी दोन कामे करावी लागतात. रक्तवाहिनीत असेपर्यंत त्याने वाहत राहावे आणि वाहिनीला इजा होताच त्या जागी त्याने गोठावे. निरोगी शरीरात या दोन क्रियांचा समतोल इतक्या सहजतेने राखला जातो, की त्याची जाणीवही होत नाही. हृदय उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत मात्र हा समतोल हेतुपुरस्सर मोडावा लागतो. रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातून फिरवावयाचे तर ते गोठता कामा नये. शस्त्रक्रिया संपताच तेच रक्त पूर्ववत गोठले नाही, तर टाके घातलेल्या प्रत्येक जागेतून ते झिरपू लागते आणि यशस्वी झालेली शस्त्रक्रियाही रुग्णाच्या प्राणावर बेतते.

हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास सामान्यतः शल्यविशारदांच्या धाडसाचा आणि यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रक्तस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा भाग त्यात बहुधा दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात १९१६ ते २०१७ या शतकभराच्या कालखंडातील या प्रयत्नांचा आढावा घेतला आहे. या आढाव्यातून एक प्रश्न ठळकपणे पुढे येतो. संशोधनात जे सहज मोजता येते आणि जे मोजणे खरोखर आवश्यक असते, त्यांत अंतर पडले तर काय घडते? हा प्रश्न वैद्यकाइतकाच अन्य ज्ञानशाखांतील अभ्यासकांनाही लागू पडणारा आहे.

१. हेपॅरिन : उलट दिशेने लागलेला शोध

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम हॉवेल हे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक रक्त गोठण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याला रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा शोध घेण्याचे काम देण्यात आले होते. मॅक्लीन यांनी मेंदू, हृदय आणि यकृत यांपासून अर्क तयार केले. यकृतापासून आणि हृदयापासून मिळविलेल्या अर्कांनी रक्त गोठण्याऐवजी ते अधिक काळ प्रवाही राहते, असे त्यांना १९१६ साली आढळले. अपेक्षेच्या नेमक्या विरुद्ध असा हा निष्कर्ष होता. १९१८ साली हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी यकृताच्या ग्रीक नावावरून ‘हेपॅरिन’ हा शब्द रूढ केला.

हॉवेल यांनी पुढे शुद्ध केलेले द्रव्य मॅक्लीन यांच्या मूळ द्रव्याहून रासायनिकदृष्ट्या वेगळे होते. त्यामुळे शोधाचे श्रेय कोणाचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मॅक्लीन यांनी उत्तरायुष्यात आपल्या श्रेयासाठी सातत्याने प्रयत्न केले. १९५७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांचे स्वतःचे निवेदन त्यानंतर, १९५९ साली प्रसिद्ध झाले.

प्रयोगशाळेतील हे द्रव्य रुग्णांपर्यंत पोहोचण्यास सुमारे दोन दशके लागली. सुरुवातीचे हेपॅरिन अशुद्ध असल्याने ते माणसाला देणे धोक्याचे होते. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या चार्ल्स बेस्ट यांनी कॅनडातील टोरांटो येथे आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट यांच्या साहाय्याने हेपॅरिनच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. त्याच सुमारास स्टॉकहोम येथे एरिक योर्पेस यांनी त्याच्या रासायनिक रचनेचा अभ्यास केला. टोरांटोचे शल्यविशारद गॉर्डन मरी यांनी १९३५ पासून शुद्ध हेपॅरिन रुग्णांसाठी वापरण्यास प्रारंभ केला. हेपॅरिन रक्तातील अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाची शक्ती अनेक पटींनी वाढविते आणि त्यायोगे गोठण्याची साखळी रोखून धरते, हे त्याच्या कार्यपद्धतीचे नेमके स्वरूप पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

२. प्रोटामाइन : उतारा

रक्त प्रवाही ठेवणारे औषध मिळाले, तरी त्याचा परिणाम हवा तेव्हा थांबविता आल्याखेरीज मोठ्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग करणे शक्य नव्हते. हा उतारा एका सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रातून मिळाला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फ्रीडरिख मीशर यांनी ऱ्हाइन नदीतील सामन माशाच्या शुक्रपेशींचा अभ्यास करताना १८७४ साली एका तीव्र अल्कधर्मी द्रव्याचे वर्णन केले होते आणि त्याला ‘प्रोटामाइन’ असे नाव दिले होते. पेशीकेंद्राच्या रसायनशास्त्राशी संबंधित असे हे संशोधन होते. शस्त्रक्रियेशी त्याचा काही संबंध असेल, अशी कल्पनाही त्या वेळी कोणाला असण्याचे कारण नव्हते.

१९३७ साली एर्विन शारगाफ आणि केनेथ ओल्सन यांनी प्रोटामाइन हेपॅरिनचा प्रभाव नाहीसा करते, हे दाखवून दिले. हेपॅरिन तीव्र आम्लधर्मी आणि प्रोटामाइन तीव्र अल्कधर्मी असल्याने ती दोन्ही परस्परांना घट्ट बांधून घेतात व निष्क्रिय होतात. या साध्या रासायनिक तत्त्वावर आजही प्रत्येक हृदयशस्त्रक्रियेची अखेर अवलंबून असते. मात्र हा उतारा निर्धोक नाही. प्रोटामाइन वेगाने दिल्यास रक्तदाब एकाएकी घसरू शकतो आणि काही रुग्णांत तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया उद्भवते. प्रोटामाइनयुक्त इन्सुलिन पूर्वी घेतलेल्या मधुमेही रुग्णांत हा धोका अधिक असतो. शिवाय गरजेपेक्षा अधिक दिलेले प्रोटामाइन स्वतःच रक्त गोठण्यात अडथळा आणते. तात्पर्य, ज्या औषधाने रक्तस्राव थांबवावयाचा, त्याच औषधाच्या अतिरेकाने तो वाढू शकतो.

३. यंत्र आणि रक्त

हृद्-फुप्फुस यंत्राची कल्पना अमेरिकन शल्यविशारद जॉन गिबन यांना सुचली, तीही रक्ताच्या एका गुठळीमुळेच. १९३०-३१ च्या सुमारास बोस्टन येथे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका स्त्रीरुग्णाजवळ त्यांनी रात्रभर पहारा दिला होता. शस्त्रक्रिया करूनही ती वाचली नाही. तिचे काळवंडलेले रक्त काही काळ बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत शरीरात सोडता आले असते तर, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला. पत्नी मेरी यांच्या साहाय्याने त्यांनी मांजरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. या प्रयोगांना आवश्यक असलेले शुद्ध हेपॅरिन त्याच दशकात उपलब्ध झाले. ते नसते, तर यंत्रातील रक्त काही मिनिटांतच गोठले असते.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे गिबन यांनी १८ वर्षांच्या एका तरुणीच्या हृदयाच्या कर्णिकांमधील पडद्याचे छिद्र यंत्राच्या साहाय्याने बंद केले. २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे संपूर्ण काम यंत्राने केले. या घटनेची नोंद युगप्रवर्तक म्हणून घेतली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच शस्त्रक्रियेत हेपॅरिनचे प्रमाण अपुरे पडल्याने यंत्रातील जाळ्यांवर फायब्रिनचे तंतू जमू लागले होते आणि शस्त्रक्रिया घाईने आटोपावी लागली होती, हे क्वचितच सांगितले जाते. हृदयशस्त्रक्रियेच्या पहिल्याच यशावर रक्त गोठण्याच्या प्रश्नाची छाया होती. त्यानंतर लगेचच दोन बालरुग्ण दगावल्यावर गिबन यांनी ही शस्त्रक्रिया करणे थांबविले. १९५५ पासून मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन आणि मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हे कार्य पुढे नेले.

यंत्राचा वापर वाढू लागला, तशी हेपॅरिनचा परिणाम पूर्णपणे काढून टाकल्यावरही अनेक रुग्णांत रक्त झिरपत राहते, ही गोष्ट स्पष्ट झाली. याची कारणे अनेक होती. यंत्राच्या परक्या पृष्ठभागाशी संपर्क येऊन बिंबाणू खर्ची पडत आणि उरलेले नीट काम करीत नसत. यंत्रात भरलेल्या द्रवामुळे रक्तातील गोठविणारे घटक विरळ होत. शरीर थंड केल्याने गोठण्याची क्रिया मंदावे. त्यातच गुठळी विरघळविणारी शरीराची स्वतःची यंत्रणा, म्हणजे प्लाझमिन हे विकर, अवाजवी प्रमाणात कार्यरत होई.

४. रक्ताची उपलब्धता आणि मोजमाप

आरंभीच्या काळातील यंत्रे रुग्णाला जोडण्यापूर्वी दात्यांच्या रक्ताने भरावी लागत. एका शस्त्रक्रियेसाठी अनेक दाते शोधावे लागत. १९६० च्या दशकात यंत्र रक्ताऐवजी शर्करायुक्त किंवा क्षारयुक्त द्रवाने भरण्याची पद्धत रूढ झाली. ह्यूस्टन येथील डेंटन कूली यांनी धार्मिक कारणास्तव दुसऱ्याचे रक्त न स्वीकारणाऱ्या ‘यहोवाज विटनेसेस’ या पंथाच्या रुग्णांवर रक्त न देता हृदयशस्त्रक्रिया केल्या. १९७७ साली त्यांच्या चमूने अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. रक्ताधान टाळणे शक्य आहे, याचा हा भक्कम पुरावा होता.

रक्त वाचविण्याचे महत्त्व केवळ श्रद्धेपुरते मर्यादित नाही. १९५२ साली वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ज्या दुर्मीळ रक्तगटाची नोंद केली, तो ‘बाँबे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो. या गटाच्या व्यक्तीला ओ गटाचे रक्तदेखील चालत नाही, त्याच गटाच्या दात्याचे रक्त लागते. अशा रुग्णाच्या हृदयशस्त्रक्रियेत प्रत्येक बाटली वाचविणे ही सोय नसून जीवनावश्यक बाब ठरते.

याच काळात आणखी एक उणीव लक्षात आली. हेपॅरिनची मात्रा रुग्णाच्या वजनावरून ठरविली जात असे आणि प्रोटामाइनही ठरावीक प्रमाणात दिले जाई. प्रत्यक्षात हेपॅरिनला मिळणारा प्रतिसाद व्यक्तिगणिक फार भिन्न असतो. पॉल हॅटर्सली यांनी १९६६ साली रक्ताच्या नमुन्यात सेलाइट ही मातीसारखी बारीक भुकटी मिसळून तो गोठण्यास किती सेकंद लागतात, हे मोजण्याची सोपी पद्धत मांडली. १९७५ साली कॅलिफोर्नियातील ब्रायन बुल आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत शस्त्रक्रियागृहात आणली आणि यंत्र सुरू असताना हा काळ ४८० सेकंदांच्या आसपास राखावा, असे सुचविले. अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. मात्र कोणतेही मोजमाप ज्या पद्धतीने केले जाते तिच्या मर्यादांनी बांधलेले असते. याचा प्रत्यय पुढे तीन दशकांनंतर आला.

५. ॲप्रोटिनिन : एक अनपेक्षित निरीक्षण

जर्मनीतील क्राउट, फ्राय आणि व्हेर्ले यांनी १९३० साली गुरांच्या अवयवांतून विकरांना रोखणारे एक द्रव्य वेगळे केले होते. हेच पुढे ॲप्रोटिनिन म्हणून ओळखले गेले. बायर या कंपनीने ते ट्रॅसिलॉल या नावाने बाजारात आणले आणि प्रारंभी त्याचा उपयोग स्वादुपिंडाच्या दाहावर केला जाई. १९८० च्या दशकात लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डेव्हिड रॉयस्टन आणि सहकारी यंत्रामुळे फुप्फुसांना होणारी इजा या औषधाच्या मोठ्या मात्रेने टाळता येईल का, याचा शोध घेत होते. त्या वेळी औषध दिलेल्या रुग्णांची छाती शस्त्रक्रियेअखेर विलक्षण कोरडी दिसते, असे लक्षात आले.

१९८७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांदा हृदयशस्त्रक्रिया होत असलेल्या २२ रुग्णांचा हा अभ्यास होता. औषध दिलेल्या ११ रुग्णांत सरासरी रक्तस्राव २८६ मिलिलिटर, तर न दिलेल्या ११ रुग्णांत तो १,५०९ मिलिलिटर होता. इतका स्पष्ट फरक वैद्यकीय संशोधनात क्वचित आढळतो. १९९३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी ॲप्रोटिनिनला मान्यता दिली आणि ते जगभर वापरले जाऊ लागले.

६. चौसष्ट चाचण्या

यानंतर जे घडले, ते संशोधनाच्या इतिहासात विशेष चिंतनीय आहे. १९८७ ते २००२ या काळात हृदयशस्त्रक्रियेतील ॲप्रोटिनिनच्या ६४ यादृच्छिक नियंत्रित चाचण्या प्रसिद्ध झाल्या. कॅनडातील डीन फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली या सर्व चाचण्यांचे निष्कर्ष कालानुक्रमे एकत्र मांडून पाहिले. जून १९९२ मध्ये बाराव्या चाचणीपर्यंतच रक्ताधानाची गरज कमी होते हे निर्विवाद सिद्ध झालेले होते. पुढील पन्नासहून अधिक चाचण्यांनी त्या अनुमानात लक्षणीय भर घातली नाही. तरीही त्यांतील रुग्णांच्या एका गटाला निष्क्रिय द्रव्य देण्यात येत राहिले. म्हणजेच उपयुक्तता सिद्ध झालेल्या उपचारापासून त्यांना वंचित ठेवण्यात आले.

फर्ग्युसन यांनी आणखी एक गोष्ट तपासली. नव्या निबंधांनी आपल्याआधी प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांपैकी किती चाचण्यांचा उल्लेख केला होता? हे प्रमाण मध्यकमानाने अवघे २० टक्के निघाले. पूर्वसंशोधनाचा आढावा हा संशोधन-निबंधातील औपचारिक भाग मानण्याची सवय किती महाग पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे या चाचण्यांपैकी बहुतेकांचा आकार लहान होता आणि त्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होत्या : रक्तस्राव कमी होतो का? हे औषध मिळालेले रुग्ण अधिक संख्येने वाचतात का, अथवा त्यांच्या मूत्रपिंडांवर काय परिणाम होतो, हे ठरविण्याची क्षमता त्यांच्यात नव्हती. छातीतील नळीवाटे बाटलीत जमा झालेले रक्त मोजणे सोपे होते. त्यामुळे तेवढेच मोजले गेले.

७. २००६ ते २००८ : निर्णायक काळ

जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतील डेनिस मँगानो आणि सहकाऱ्यांनी ४,३७४ रुग्णांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. ॲप्रोटिनिन घेतलेल्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका अधिक आढळला. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि अमिनोकॅप्रोइक आम्ल या दोन स्वस्त पर्यायी औषधांत तो आढळला नाही. हे निरीक्षण होते, चाचणी नव्हती. अधिक गंभीर रुग्णांनाच ॲप्रोटिनिन दिले जात असल्याने निष्कर्ष फसवे असू शकतात, असा आक्षेप घेण्यात आला आणि तो निराधार नव्हता.

२१ सप्टेंबर २००६ रोजी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने या प्रश्नावर विचार केला. सुमारे ६७,००० रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास बायर कंपनीने स्वतःच करवून घेतला होता आणि त्याच्या प्राथमिक निष्कर्षांतही धोका सूचित झालेला होता. समितीसमोर मात्र त्याचा उल्लेखही झाला नाही. त्या अभ्यासातील एका संशोधकाने प्रशासनाला माहिती दिल्यानंतर ही बाब उजेडात आली. माहिती न देणे ही चूक होती, असे कंपनीने मान्य केले.

दरम्यान कॅनडात २००२ पासून एक वेगळ्या प्रकारची चाचणी सुरू होती. ‘बार्ट’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. चौसष्ट चाचण्यांची मोजदाद करणारे फर्ग्युसन हेच तिच्या निबंधाचे प्रमुख लेखक होते. या चाचणीत निष्क्रिय द्रव्याचा गट नव्हता. ॲप्रोटिनिन आणि दोन पर्यायी औषधे यांची थेट तुलना अधिक जोखमीच्या रुग्णांत करण्यात आली. ऑक्टोबर २००७ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने औषधाची विक्री स्थगित केली. मे २००८ मध्ये २,३३१ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ॲप्रोटिनिन गटात ९.५ टक्के आणि अन्य दोन्ही गटांत १२.१ टक्के होते. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण मात्र ॲप्रोटिनिन गटात ६.० टक्के, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गटात ३.९ टक्के आणि अमिनोकॅप्रोइक आम्लाच्या गटात ४.० टक्के होते. जे औषध रक्तस्राव सर्वांत अधिक रोखत होते, ते घेणारे रुग्णच अधिक संख्येने दगावले होते.

८. पुनर्विचार आणि एक जुने औषध

प्रकरण येथे संपले नाही. २०११ साली कॅनडाच्या आणि २०१२ साली युरोपच्या औषध नियामकांनी बार्ट चाचणीची फेरतपासणी केली आणि मर्यादित वापरासाठी स्थगिती उठविण्याचा निर्णय घेतला. काही रुग्णांना विश्लेषणातून वगळल्याचा आणि हेपॅरिनच्या वापरावर योग्य देखरेख न ठेवल्याचा आक्षेप या तपासणीत पुढे आला. येथे १९६६ च्या साध्या भुकटीचा संदर्भ पुन्हा येतो. ॲप्रोटिनिनच्या उपस्थितीत सेलाइट वापरून केलेल्या परीक्षेत गोठण्याचा काळ कृत्रिमरीत्या लांबलेला दिसतो. परिणामी हेपॅरिन पुरेसे आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात ते कमी असू शकते. त्यामुळे सर्व दोष औषधाचा की मोजमापाचाही, या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर आजही देता येत नाही.

या काळात ट्रॅनेक्झॅमिक आम्लाकडे पुन्हा लक्ष वळले. जपानमधील उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने १९६२ साली ते विकसित केले होते. स्वस्त आणि जुने असल्याने त्याच्या मोठ्या चाचण्यांमागे व्यापारी हितसंबंधाचे बळ नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या, ४,६३१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. रक्तस्रावामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण निष्क्रिय द्रव्याच्या गटात २.८ टक्के, तर या औषधाने १.४ टक्के राहिले. मृत्यू आणि गुठळ्यांमुळे उद्भवणाऱ्या गंभीर घटनांत वाढ झाली नाही. झटके येण्याचे प्रमाण मात्र ०.१ टक्क्यावरून ०.७ टक्क्यांवर गेले. लाभ आणि हानी दोन्ही एकाच चाचणीत मोजल्याने वैद्यकांना मात्रेविषयी सावधगिरी बाळगणे शक्य झाले.

समारोप

या शतकभराच्या वाटचालीतून काही गोष्टी स्पष्ट होतात. हृदयशस्त्रक्रियेला आधार देणारी द्रव्ये यकृत, माशाच्या शुक्रपेशी आणि गुरांचे अवयव अशा परस्परांशी संबंध नसलेल्या अभ्यासक्षेत्रांतून आली. मीशर यांच्यासारख्या मूलभूत संशोधकाचे कार्य उपयोगात येण्यास साठहून अधिक वर्षे लागली. तत्काळ उपयुक्ततेच्या निकषावर मूलभूत संशोधनाचे मूल्यमापन करणे किती अपुरे ठरते, हे यावरून दिसून येते.

दुसरे असे की, प्रत्येक उपायाने एक नवी समस्या आपल्यासोबत आणली. हेपॅरिनने रक्तस्रावाची, प्रोटामाइनने रक्तदाबाची आणि ॲप्रोटिनिनने मूत्रपिंडाची व मृत्यूची शंका निर्माण केली. रक्ताचा समतोल एका बाजूने झुकविला, तर दुसऱ्या बाजूकडे लक्ष ठेवणे अनिवार्य असते.

सर्वांत महत्त्वाचा बोध चौसष्ट चाचण्यांच्या प्रकरणातून मिळतो. त्या बहुधा प्रामाणिकपणे केल्या गेल्या आणि त्यांचे निष्कर्षही बव्हंशी खरे होते. तथापि पूर्वी काय सिद्ध झाले आहे हे न पाहता पुन्हा तेच सिद्ध करणे आणि जे अद्याप विचारले गेलेले नाही ते न विचारणे, या दोन त्रुटींमुळे जवळजवळ वीस वर्षे रुग्णांच्या जीविताचा प्रश्न अनुत्तरित राहिला. बाटलीतील रक्त मोजणे आवश्यक होतेच. परंतु ज्याच्या शरीरातून ते आले, तो रुग्ण महिन्यानंतर हयात आहे की नाही, ही नोंद त्याहून अधिक आवश्यक होती. कोणत्याही विद्याशाखेत संशोधनाचा विषय निवडताना आणि विद्यार्थ्यांकडून तो निवडून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.